लिलावातून अंगणात

यंदाच्या अंकाचे सूत्र ‘घरी घडलेल्या वस्तू’ असे ठरल्याचे संपादकांनी कळविले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा गोधडी, मूर्ती, विणकाम अशा गोष्टी असाव्यात. परंतु अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात ज्यांचे आयुष्य गेले आहे त्यांना ठाऊक आहे की, या मुलखात घरामागच्या अंगणात, कडुनिंबाच्या सावलीला, वर्षानुवर्षे घडत राहणारी सर्वांत मोठी वस्तू म्हणजे जुनी फोर-व्हील जीप होय. ती पाहावयास मी निघालो तेव्हा पाऊस सरला होता, कपाशीला बोंडे धरली होती, आणि शेतातून गावाकडे येणारी प्रत्येक वाट चिखलाने अजून भारलेली होती.

अमरावतीच्या कॅम्प भागातील ज्या घरी मी प्रथम गेलो, त्याचे मालक कृषी खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी. शेजारपाजारचे लहानथोर सारे त्यांना काकाजी म्हणतात. अंगणात जीपचे चेसिस चार लाकडी ठोकळ्यांवर चढविलेले होते, तिची पत्र्याची बॉडी भिंतीला टेकून उभी होती, इंजिन लोखंडी पाइपांच्या तिकाटण्याला चेनकुप्पीने टांगलेले होते, आणि ओसरीच्या कडेने तेलाच्या रिकाम्या डब्यांची एक रांग मांडलेली होती, ज्यांवर ‘पुढील एक्सल, डावी बाजू’, ‘गिअरबॉक्सचे झाकण’, ‘स्टिअरिंग’ अशा नोंदी काकाजींनी आपल्या सरकारी वळणाच्या अक्षरात केलेल्या होत्या. जीप खोलणे कोणासही जमते. परंतु खोललेला प्रत्येक नट कोणत्या भोकाचा होता हे सहा महिन्यांनी ज्याला सांगता येते त्याचीच जीप पुन्हा रस्त्यावर येते, आणि वऱ्हाडातील कित्येक अंगणांत ज्या जीपा अर्धवट पडून आहेत त्यांपैकी पुष्कळ पैशाच्या नव्हे तर नोंदीच्या अभावी पडून आहेत, असे ती रांग पाहून मला वाटले.

सरकारी गाडीचे उत्तरायुष्य

जीप मूळची रणांगणावरची. १९४० साली अमेरिकेच्या लष्कराने हलक्या टेहळणी गाडीची मागणी केली, बॅन्टम कंपनीने तिचा पहिला नमुना सिद्ध केला, आणि पुढे विलिस व फोर्ड यांच्या कारखान्यांतून महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या पेढीने १९४७ मध्ये विलिसच्या जीपा येथे जुळविण्याचा परवाना मिळविला. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली पेढीचे नाव महिंद्र अँड महिंद्र असे बदलले.

वऱ्हाडच्या खेड्यांत मात्र जीप आली ती मुलकी कारभाराच्या वाटेने. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजनेचा प्रारंभ झाला, गटविकास अधिकाऱ्याच्या दिमतीस जीप आली, आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या स्थापन झाल्यावर ती तालुक्याच्या गावी कायमची तैनात झाली. बियाण्याची पोती, देवीची लस, निवडणुकीच्या मतपेट्या, दौऱ्यावर निघालेला साहेब आणि वाटेत अडलेली बाळंतीण, या सर्वांना त्याच गाडीने वाहिले आहे. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा या भागांतील वयस्क माणसांना विचारावे. आपल्या गावात आलेले पहिले मोटारवाहन म्हणून पुष्कळजण जीपचेच नाव सांगतात.

सरकारी गाडीस वयाची व वापराची मर्यादा असते. ती संपली की निर्लेखनाचा प्रस्ताव जातो, गाडी कचेरीच्या आवारात उभी राहते, पुढे लिलावाचा जाहीरनामा निघतो, बोली लागते, आणि जो घेईल त्याने ती ‘आहे त्या स्थितीत’ उचलावयाची असते. काकाजींची जीप अशाच लिलावातून एका कास्तकाराने घेतली, तिने त्याच्या वावरात कपाशी वाहिली, नंतर ती दोन हात फिरली, आणि अखेर गोठ्याशेजारी उभी राहून गंजू लागली, तेव्हा काकाजींच्या दृष्टीस पडली. बोनेटवरचा पांढरा रंग खरवडला तेव्हा खाली खाकी रंग निघाला आणि दाराऐवजी असलेल्या कडेच्या पत्र्यावर ‘पंचायत समिती’ ही अक्षरे उमटली. तेवढा भाग त्यांनी अद्याप रंगविलेला नाही.

परंतु पत्र्याच्याही आधी त्यांनी तपासले ते दप्तर. आर.सी. पुस्तकावरील चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर ठोकलेल्या आकड्यांशी जुळतात काय, मधल्या प्रत्येक हस्तांतरणाची नोंद परिवहन कार्यालयात झाली आहे काय, थकलेला कर किती, हे पाहिल्यावाचून जुन्या जीपवर रुपया खर्च करू नये, असे ते येणाऱ्या प्रत्येक तरुणास बजावतात. ‘यंत्र दुरुस्त होतं, कागद दुरुस्त होत नाही,’ हे त्यांचे वाक्य कठोर खरे, पण माझ्या मते ते अनुभवाने सिद्ध झालेले आहे.

उंच बोनेटचे कारण

जुन्या महिंद्र जीपचा चेहरा युद्धातल्या जीपहून वेगळा दिसतो तो बोनेटच्या उंचीमुळे, आणि त्या उंचीला यंत्रशास्त्रीय कारण आहे. युद्धकालीन इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे असे दोन्ही वॉल्व्ह खालच्या ब्लॉकमध्येच असत, त्यामुळे इंजिनाचा माथा सपाट व ठेंगणा होता. ताकद वाढविण्यासाठी विलिसच्या अभियंत्यांनी आत घेणारा वॉल्व्ह वरच्या हेडमध्ये नेला आणि बाहेर सोडणारा होता तेथेच ठेवला. श्वास मोकळा झाल्याने शक्ती वाढली, पण इंजिनाची उंचीही वाढली, आणि त्याला सामावून घेण्यासाठी बोनेट वर उचलावे लागले. हीच सी.जे. ३ बी. अमेरिकेत ती १९५३ ते १९६८ या काळात निघाली. भारतात तिचे रूप त्यानंतरही दीर्घकाळ टिकले. सुमारे सव्वादोन लिटरचे ते पेट्रोल इंजिन अजूनही जेथे मूळ स्थितीत आहे तेथे, सकाळी थंड असताना चोक ओढून सुरू केल्यावर त्याचा जो संथ, भरदार नाद येतो, तो ऐकण्यासारखा असतो.

तथापि वऱ्हाडात मूळ पेट्रोल इंजिन असलेली जीप क्वचितच आढळते. पेट्रोलचे भाव चढू लागल्यावर लोकांनी डिझेलची वाट धरली, आणि स्वतः महिंद्रनेही जीपमध्ये डिझेल इंजिन घातले ते इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या वंशातले होते. हा ट्रॅक्टर ज्या कंपनीने येथे काढला ती इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया १९६३ साली स्थापन झाली आणि १९७७ साली महिंद्रमध्ये विलीन झाली. या सोयरिकीचा लाभ वऱ्हाडास आजही मिळतो. कास्तकाराच्या ट्रॅक्टरसाठी जी रिंग, जे बेअरिंग, जी गॅस्केट अकोल्याच्या बाजारात मिळते, ती थोड्याफार फरकाने जीपच्याही उपयोगी पडते. आणि ज्या मिस्त्रीने आयुष्यभर ट्रॅक्टर उघडले आहेत त्याला जीपचे डिझेल इंजिन परके वाटत नाही. १९८० च्या दशकात आलेल्या एम.एम. ५४० मध्ये प्यूजोचे इंजिन होते. ते धावण्यास अधिक सुखद, पण त्याचे सामान मिळविणे आज अधिक कठीण.

काळ्या मातीत चारही चाके

या मुलखात जीपचे महत्त्व समजून घ्यावयाचे तर पावसाळ्यातील पांदण रस्त्यावर उभे राहावे. येथील काळ्या मातीतील चिकण अंश पाणी शोषून फुगतो, वरचा थर निसरडा होतो, चाकाला लागलेली माती मडगार्डपर्यंत चढत जाते, आणि टायरच्या खाचा बुजल्या की तो गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरू लागतो. दोन चाकांवर जोर असलेली गाडी अशा वेळी स्वतःचीच कबर खणते.

जीपमध्ये मुख्य गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिच्या दोन दांड्यांपैकी एकीने पुढच्या एक्सलला जोर जोडावयाचा आणि दुसरीने ‘लो’ लावावयाचा. ‘लो’मध्ये चाकांचा वेग सुमारे अडीचपटीने कमी होऊन ओढ त्याच प्रमाणात वाढते. नवशिका चालक चिखल पाहून घाबरतो व रेस वाढवितो. जाणता मात्र चिखलात शिरण्यापूर्वीच लो लावतो, दुसऱ्या गिअरमध्ये पाय हलका ठेवतो आणि गाडीला आपल्या गतीने जाऊ देतो. यातील एक मर्यादा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात आणि या जुन्या रचनेत पुढच्या-मागच्या एक्सलमधला फरक जिरविणारी काहीच योजना नसते; चिखलात चाक थोडे घसरून तो फरक निघून जातो, परंतु डांबरी रस्त्यावर तो ताण टायर, क्रॉस आणि गिअर यांवर साचत राहतो. अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग घालून गिनेस विक्रम झाला. अशा रस्त्यावर पुढच्या एक्सलची दांडी सोडूनच धावावे.

टायरच्या बाबतीत तरुणांचा ओढा रुंद टायरांकडे असतो. मला जे चालक भेटले, त्यांतील अनुभवी माणसांचे मत याच्या उलट होते आणि मला ते पटले. मूळचा सहा इंची अरुंद टायर वरचा मऊ थर कापून खालच्या घट्ट जमिनीला जाऊन टेकतो. रुंद टायर वरच तरंगतो, अधिक माती उचलतो, स्टिअरिंग जड करतो आणि जुन्या एक्सलच्या बेअरिंगवर असा भार टाकतो की ज्यासाठी ते घडलेलेच नव्हते. रेतीत रुंद टायरचा गुण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या चिखलात नाही.

अकोल्याचे कारागीर

घरी जीप उभी करणे याचा अर्थ सर्व काम घरी करणे असा नव्हे. खोलणे, धुणे, खरवडणे, रेडऑक्साइड मारणे, वायरिंग ओढणे, जुळविणे ही कामे अंगणात होतात. परंतु ब्लॉकचे बोअर, क्रँकचे ग्राइंडिंग, कमानींचे पाटे, रेडिएटर आणि डिझेल पंप यांसाठी निरनिराळ्या कारागिरांचे दार ठोठवावे लागते. अकोल्यास ही सारी दारे एकमेकांपासून फार दूर नाहीत. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, तेलघाण्या, ट्रॅक्टर आणि महामार्गावरील ट्रक यांनी या शहरात लेथ, भट्टी आणि वेल्डिंगचे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या पोसले आहे, आणि जीप त्याच कौशल्याच्या आश्रयाने जगली आहे.

कमान दुरुस्त करणाऱ्याकडे मी बराच वेळ बसलो. बसलेला पाटा भट्टीत लाल करून, साच्यावर ठोकून त्याला पुन्हा बाक द्यावयाचा, मग तेलात विझवून नंतर बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावयाचा; ही शेवटची पायरी ज्याने गाळली त्याचा पाटा पहिल्याच खड्ड्यात तुटतो. रेडिएटरवाल्याच्या दुकानातील दृश्य निराळे होते. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही बाजूंस जो खारपाणपट्टा पसरलेला आहे, तेथील विहिरीचे पाणी पिकाला बाधते तसेच यंत्रालाही बाधते. त्याने उघडलेल्या रेडिएटरच्या तांब्याच्या नळ्या पांढऱ्या क्षाराने जवळजवळ बुजल्या होत्या. ज्याच्या जीपचे इंजिन पुन्हा पुन्हा तापते त्याने आधी आपण कोणते पाणी ओततो हे पाहावे. खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याने तर शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट यांवाचून दुसरे काही वापरू नये.

सर्वांत नाजूक काम मात्र उस्तादांनी काकाजींच्या अंगणात येऊनच केले. साठीला टेकलेले हे अकोल्याचे मिस्त्री जमिनीवर पोते अंथरून पुढच्या एक्सलसमोर बसले. जीपचे पुढचे चाक जेथे वळते तेथे एक पोकळ गोलाकार घर असते आणि त्याच्या वर व खाली किंगपिनची दोन बेअरिंगे. ती झिजली की ठरावीक वेगात एखादा खड्डा लागताच दोन्ही पुढची चाके थरथरू लागतात, आणि गाडी थांबविल्याखेरीज ते थरथरणे थांबत नाही. पुष्कळ ठिकाणी यावर उपाय म्हणून स्टिअरिंगला डँपर लावून देतात, म्हणजे दोष झाकला जातो. उस्तादांनी ऑइल सील बाजूला ठेवून बेअरिंगे बसविली, झाकणाखाली कागदासारख्या पातळ शिम घातल्या, बोल्ट आवळले, आणि टायरॉडच्या भोकाला स्प्रिंगचा काटा अडकवून तो हळूहळू ओढला. काट्यावरचा आकडा त्यांना कमी वाटला. एक शिम काढली, पुन्हा आवळले, पुन्हा ओढले. असे करता करता दुपार कलली. काकाजींच्या पुतण्याने घाई केली, तेव्हा ते त्याच्याकडे न पाहता म्हणाले, ‘भाऊ, येले जबरदस्ती नोका करू. हे बरोबर बसलं त गाडी हात सोडूनई सरळ जाईन.’

पत्र्याचे काम याहून कष्टाचे आणि कमी कौतुकाचे. जीपच्या तळाला मजबुती देणाऱ्या पन्हाळींत माती व पाणी साचून राहते, त्यामुळे गंज आतून बाहेर येतो. वरून डाग दिसू लागतो तेव्हा आतला पत्रा संपलेला असतो. त्यावर लांबी भरून रंग मारणे म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंतची व्यवस्था. गंजलेला भाग कापून तेथे त्याच जाडीचा पत्रा जोडावा लागतो, आणि चेसिसला स्टिअरिंग बॉक्सपाशी तडा असेल तर नुसते वेल्डिंग न करता आतून पट्टी घालावी लागते, कारण तो भाग सतत पिळवटत असतो.

बदलाची मर्यादा

आता प्रश्न येतो तो फेरफारांचा, आणि येथे मी तटस्थ राहू इच्छीत नाही. काही बदल गाडीच्या कार्यातूनच सुचतात आणि ते अवश्य करावेत. जुन्या जीपला ब्रेकचा एकच मास्टर सिलिंडर चारही चाकांना पुरतो, म्हणजे कोठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. तेथे दोन स्वतंत्र भाग असलेला सिलिंडर बसविणे हा चिखलदऱ्याचा घाट उतरणाऱ्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न आहे. सहा व्होल्टची वीज बारा व्होल्टवर नेणे, सीटबेल्टसाठी पक्का आधार करणे, पाण्यातून गेल्यावर ब्रेकचे ड्रम वाळविण्याची सवय लावून घेणे, ही त्याच जातीची शहाणपणाची कामे होत. परंतु चेसिस कापून लांब करणे, गाडी हातभर उंच उचलून तिचा तोल बिघडविणे, क्रोमच्या नळ्यांनी तिला मढविणे, यांत मला केवळ प्रदर्शन दिसते. हरियाणा-पंजाबच्या सीमेवरील मंडी डबवाली येथे लष्कराच्या मोडीत निघालेल्या सामानातून जीपा घडविण्याचा मोठा उद्योग उभा राहिला. तेथील कारागिरीबद्दल आदर बाळगूनही मी म्हणेन की, त्या सजावटीचे जे अनुकरण आपल्याकडे चालते त्यात जीपचे जीपपण हरवते.

कायदाही याबाबत निःसंदिग्ध आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमान्वये निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत असा फेरफार करता येत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका दृढ केली. इंजिन बदलावयाचे तर परिवहन कार्यालयाची पूर्वमंजुरी घ्यावी लागते आणि बदलाची नोंद आर.सी.वर करून घ्यावी लागते. विनापरवाना फेरफाराबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी १८२-अ कलमात तरतूद आहे. २०२१ च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थांनी भंगारातील सुट्या भागांतून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप घडविली आणि देशभर तिचे कौतुक झाले. आनंद महिंद्र यांनी त्या कसबाची प्रशंसा केली, पण ती गाडी नियमांत बसत नसल्याने रस्त्यावर चालू दिली जाणार नाही हेही स्पष्ट सांगितले, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या कुटुंबास तिच्या बदल्यात नवी बोलेरो देण्यात आली. कसब आणि कायदा यांच्यातील अंतर एवढ्या सौजन्याने क्वचितच मिटते.

ज्यांची जीप पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात आहे, त्यांच्यासाठी जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. अशा गाडीच्या क्रमांकात ‘व्ही.ए.’ ही अक्षरे येतात, पण ती नित्य वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. काकाजींनी हा मार्ग विचारपूर्वक नाकारला. त्यांना ती शेतावर न्यावयाची आहे; म्हणून त्यांनी साध्या नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करण्याचा अर्ज केला आहे.

लिलावाची वाट बंद झाल्यावर

परतवाड्याहून घटांगमार्गे सेमाडोहकडे जाणाऱ्या रस्त्यावर आज मेळघाटच्या पर्यटकांना नेणाऱ्या जिप्सी दिसतात. त्यांचेही उत्पादन नागरी ग्राहकांसाठी बंद होऊन काही वर्षे झाली. जीपचा मुख्य झरा मात्र त्याहूनही निर्णायक रीतीने आटला आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी चालू ठेवता येत नाही, आणि ती अधिकृत मोडणी केंद्रातच द्यावी लागतात. हवेच्या दृष्टीने हा नियम योग्य असेल. त्याविषयी माझी तक्रार नाही. पण याचा अर्थ असा की, कचेरीच्या आवारातून लिलावात आणि लिलावातून अंगणात येण्याची जी वाट साठ वर्षे वाहती होती ती आता बंद झाली, आणि ज्या जुन्या जीपा आज वऱ्हाडच्या गोठ्यांत व अंगणांत उभ्या आहेत त्यांच्यात यापुढे भर पडणार नाही.

म्हणून ज्यांच्याकडे अशी जीप आहे त्यांना माझी विनंती आहे की, ती मोडीत घालण्यापूर्वी किंवा तिचे चेसिस कापण्यापूर्वी तिचे कागद आणि क्रमांक एकदा तपासून पाहावेत. आणि अमरावती व अकोला येथील जिल्हा परिषदांनी, तसेच अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने, विकास गटाच्या त्या काळातील एक तरी जीप मूळ रंगात, चालू स्थितीत, तिच्या लॉगबुकासह आपल्या आवारात जतन करावी. ती दुरुस्त करू शकणारे हात अकोल्यात अद्याप कामावर आहेत.